तेरा फुटांची खोली

मला संशयी म्हणतात. सासूबाई तोंडावर म्हणतात, सारंग पाठीमागे म्हणतो, आणि अकरा वर्षांची मिताली जपानीत म्हणते, म्हणजे आईला कळणार नाही असं समजून. मला कळतं. पण मी मनावर घेत नाही, कारण संशय हा माझा स्वभाव नंतर आणि धंदा आधी आहे. जुन्या इमारती तपासायच्या, त्या सांगतात तेवढ्या जुन्या आहेत का, ज्याचं नाव लावतात त्यानेच बांधल्यात का, ते ठरवायचं. पुण्यात असताना एका ट्रस्टचं तीनशे वर्षांचं देऊळ मी एकशे चाळीसवर आणलं होतं. ट्रस्टींनी मला चहासुद्धा विचारला नाही.

सारंगच्या नोकरीमुळे आम्ही जपानात हिगाशी-कसाईला आलो, त्याला आता सहा वर्षं झाली. मी एका विद्यापीठात प्राध्यापक ओगाता-सेन्सेईंच्या हाताखाली करारावर काम करते. गेल्या शरदात त्यांनी मला कावासाकीतलं एक घर दिलं. काम सोपं होतं. हे घर लिडिया हार्कनेसचं आहे, असा एक अहवाल बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवला होता. तो खरा की खोटा, एवढंच सांगायचं.

हार्कनेसबाई कोण, हे मलाही आधी माहीत नव्हतं. ओहायोतल्या एका सुताराची मुलगी. अमेरिकेत बायका घरं सजवायच्या, बांधायच्या नाहीत, त्या काळात ती एका कचेरीत नकाशे गिरवायला लागली आणि दहा वर्षांत स्वतःचे नकाशे काढायला लागली. सही करायची ती नुसती एल. हार्कनेस अशी, म्हणजे गिऱ्हाइकाला पुरुष वाटावा. गिऱ्हाईक प्रत्यक्ष भेटायला आलं की निम्मी कामं परत जायची. उरलेल्यांबद्दल लोक म्हणायचे, भागीदाराने काढून दिलं असेल. पुढे भाऊ मिशनचा डॉक्टर म्हणून जपानला आला, त्याच्याबरोबर तीही तीन वर्षं आली आणि तिने इथे चार घरं बांधली. मग लोक म्हणायला लागले, भावाने काढून दिलं असेल. तिची अमेरिकेतली एक शाळा जळाली, एक वाचनालय पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली, बाकीचीही एकेक करत गेली. जपानमधली तीन भूकंपात गेली. हे चौथं शहराच्या डोंगराकडच्या टोकाला होतं म्हणून भूकंपातून वाचलं आणि बॉम्बमधूनही. म्हणजे साऱ्या जगात त्या बाईचं म्हणून हे एकच घर उरलं होतं. तेही तिचं असलं तर.

घरात कुवाबारा तोमोए-सान एकट्या राहत. वय एक्याऐंशी. घर कागदोपत्री ओसाकातल्या पुतण्याच्या नावावर. पुतण्याने सांगून टाकलं होतं की, शहराच्या वारसा यादीत नाव लागलं तर घर ठेवीन आणि आत्या असेपर्यंत हात लावणार नाही. नाही लागलं तर मार्चमध्ये बिल्डरला देईन. यादीची समिती एका गुरुवारी बसायची होती. तिच्यापुढे माझा अहवाल जायचा होता. हे सगळं कुवाबारा-सानना ठाऊक होतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी त्यांच्याकडे आणि त्या माझ्याकडे एका डोळ्याने बघत होतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी चहाबरोबर मोची, म्हणजे तांदळाची मऊ मिठाई, ठेवली. मी शाकाहारी, त्यामुळे जिलेटिन आहे का ते बघायला वेष्टन उलटून वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या खेपेला मोची नव्हती. सोललेली मिकान संत्री होती, फोड न् फोड वेगळी केलेली. दुसरी कुणी असती तर तिला भरून आलं असतं. मला वाटलं, ही बाई मला गूळ का लावतेय?

त्यात त्यांची एक वही होती. मी आले की घड्याळाकडे बघून त्या वहीत काहीतरी लिहायच्या, गेले की पुन्हा लिहायच्या. आणि वरच्या मजल्यावर अंथरुणं ठेवायचं भिंतीतलं कपाट होतं, त्याच्यापुढे कायम एक जड खोका. जपानी घरात माळ्यावर जायचं असलं तर अशाच कपाटाच्या छताची एक फळी सरकवून जातात. मी दोनदा म्हटलं, माळा बघायचाय. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, वर फार धूळ आहे, तुमचे कपडे चांगले आहेत. माझे कपडे अजिबात चांगले नव्हते. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग मापं घेतली आणि संशयाला बळ आलं. अमेरिकेतला माणूस फुटात विचार करणार. जपानी सुतार शाकूत. दोन्ही मापं जवळजवळ सारखी, पण शाकू फुटापेक्षा केसभर आखूड. एका फुटाला तो फरक डोळ्याला दिसत नाही, पण लांब खोलीत लेझर लावला की बोटभर निघतो. खालची मोठी खोली रुंदीला फुटात मोजली तर तेराला थोडी कमी भरली. शाकूत मोजली तर बरोबर तेरा. लांबी बरोबर सतरा शाकू. जिना, खिडक्या, ओसरी, सगळं शाकूत चपखल. फुटात काहीच बसेना. म्हणजे घर सुताराने स्वतःच्या मनाने बांधलं आणि अमेरिकन बाईचं नाव मागून चिकटवलं. ओसरीत काचेच्या चौकटीत तिच्या सहीचं एक चित्र लावलं होतं खरं, पण ते नुसतं दर्शनी बाजूचं, त्यावर एकही माप नाही. अशी चित्रं घर झाल्यावरही काढता येतात.

विद्यापीठातला रणजित कुठल्याशा धातूंवर पोस्टडॉक करतो. जेवताना त्याला हे सांगितलं तर म्हणाला, तू देवाकडेही आधार कार्ड मागशील. मी म्हटलं, मागेन, आणि दोन्ही बाजूंनी बघेन.

सोमवारी त्या भागात प्लास्टिकचा कचरा न्यायचा दिवस. कुवाबारा-सान पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत जात आणि शेजारणीशी दहा मिनिटं बोलून येत. मी तेवढा वेळ साधला. खोका सरकवला, कपाटात चढले, फळी बाजूला केली. जपानी सुतार घर पुरं झालं की आढ्याच्या लाकडावर एक पाटी ठोकतात, घर कुणी बांधलं आणि कधी, ते लिहून. या आढ्यावर पाटी नव्हती. होता तो फक्त पाटीच्या आकाराचा फिकट चौकोन आणि खिळ्यांची चार भोकं. आजूबाजूचं लाकूड सव्वाशे वर्षांच्या धुराने काळं आणि मधोमध हा पांढरा तुकडा. पाटी हल्लीच काढलेली होती, निदान मला तशी खात्री वाटली.

कुवाबारा-सान परत आल्या तेव्हा मी खाली बसून संत्र्याची फोड खात होते. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. गुडघ्यांवर काळी धूळ होती. मग वहीत लिहिलं.

नाम्बू लाइनच्या गाडीत बसल्या बसल्या मी ओगाता-सेन्सेईंना मेल लिहिली. लिहिलं की, मापं सुताराची आहेत, आढ्यावरची पाटी अलीकडे कुणीतरी मुद्दाम काढली आहे, राहणाऱ्या बाई काहीतरी लपवताहेत, तेव्हा हे घर हार्कनेसचं असण्याबद्दल शंका आहे. आधीच्या साखळीत समितीचे आणि शहर कचेरीचे धरून जे नऊजण होते ते सगळे सीसीमध्ये राहू दिले, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की विभाने परस्पर केलं. कसाईला उतरायच्या आत सेन्सेईंचं उत्तर आलं. काळजीपूर्वक तपासाबद्दल त्यांनी आभार मानले होते. मी खुशीत घरी गेले आणि मितालीला करी-पाव करून घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुवाबारा-सानचा फोन आला, जमलं तर आज या. आवाज नेहमीसारखाच. मी गेले तेव्हा देव्हाऱ्याची दारं उघडी होती. त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या फोटोंमागून त्यांनी कापडात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ती पाटी होती.

"तुम्ही हीच शोधत होतात ना," त्या म्हणाल्या. "काल विचारलं असतंत तर काल दिली असती."

पाटीवर मेइजी तीस, म्हणजे अठराशे सत्त्याण्णव, हे साल होतं आणि मुख्य सुतार म्हणून एकच नाव, कुवाबारा सेइकिची. त्यांचे पणजोबा. अमेरिकन बाईचा उल्लेख कुठेच नव्हता. पुढचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. बारा वर्षांपूर्वी विद्यापीठातला तो पहिला माणूस आला होता आणि म्हणाला होता, हार्कनेसचं ठरलं तर घर राहील. सुताराचीच असली तर अशी घरं पुष्कळ पडतात. तो गेल्यावर त्यांनी शिडी लावली आणि पणजोबांचं नाव स्वतःच्या हाताने उपटून काढलं. तेव्हापासून रोज सकाळी उदबत्ती लावताना त्या पणजोबांची क्षमा मागत होत्या. लहानपणापासून घरात सगळे सांगत आले की घर परदेशी बाईने काढलं आणि पणजोबांनी बांधलं. पण घरच्या गोष्टीला पुरावा कोण म्हणणार?

बारा वर्षं. मी हल्लीच म्हटलं होतं. सव्वाशे वर्षांच्या काळ्या लाकडापुढे बारा वर्षांचा डाग ताजाच दिसणार, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मला शरम वाटली. पण खरं सांगते, शरमेच्या आधी एक क्षण आनंदच झाला, की माझा संशय बरोबर निघाला.

मग कुवाबारा-सान म्हणाल्या की नाहीतरी या घराने सगळ्यांना त्रासच दिला. आईच्या वेळी मोठ्या खोलीत तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, घालायच्या ठरल्या. तातामीवाला आला, मोजलं आणि आईवरच चिडला. असली कसली खोली? कुठूनही मांडा, एक पट्टी उरतेच. पणजोबांसारखा सुतार असली खोली कशी काढेल, असं तो म्हणाला होता.

मी हातातली संत्र्याची फोड खाली ठेवली.

तातामीचं माप ठरलेलं असतं, तीन शाकू बाय सहा. सुतार स्वतःच्या मनाने खोली काढेल ती नऊची, बाराची, पंधराची, अठराची. तेरा बाय सतराची खोली एकही जपानी सुतार स्वप्नातसुद्धा काढणार नाही. तो आकडा तातामी न पाहिलेल्या माणसाचा होता. नकाशावर तेरा फूट लिहिलेलं होतं. सेइकिचींनी तेरा वाचले आणि हातातल्या पट्टीने तेरा भरले. पट्टी शाकूची होती, एवढंच.

आणि हे मला, मला कळू नये? माझे वडील मिरजेला ओव्हरसियर होते. त्यांच्या साइटवरच्या पंढरीनाथ मिस्त्रींची लाकडी पट्टी टोकाला एक सूत झिजलेली होती. त्यांनी बांधलेली प्रत्येक खोली नकाशापेक्षा थोडी आखूड भरायची आणि वडील दर वेळी ओरडायचे. मिस्त्री शांतपणे म्हणायचे, साहेब, आकडे तुमचे, पट्टी माझी. हे वाक्य ऐकत मी लहानाची मोठी झाले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. घर दोघांचं होतं. पाटी खरी होती आणि बाईही खरी होती. ती बाई सगळा जन्म दुसऱ्याने काढून दिलं असेल हेच ऐकत आली, आणि तिला जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाल्यावर त्या रांगेत मी जाऊन उभी राहिले होते. एक बाई, तीही त्याच धंद्यातली.

मी हे सगळं कुवाबारा-सानना कागदावर आकडे मांडून समजावलं. त्यांनी दोनदा विचारलं, म्हणजे पणजोबांचं नाव राहूनही घर बाईंचंच का? मी म्हटलं, हो. त्यांनी पाटीवरून हात फिरवला. मग जरा चाचरत म्हणाल्या की, काल संध्याकाळी शहराच्या कचेरीतून फोन होता, घराचं नाव तूर्त बाजूला ठेवलंय म्हणून. मी म्हटलं, काही काळजी करू नका, समितीची बैठक परवा आहे, मी आज लिहिते.

लिहिलं. परतीच्या गाडीत पानभर, आकड्यांसकट, त्याच नऊजणांना. संध्याकाळी सारंग आला तेव्हा त्याला मोठ्या अभिमानाने दोन्ही मेल दाखवल्या. त्याने पहिली वाचली, दुसरी वाचायच्या आधीच फोन टेबलावर ठेवला.

"विभा, तू शंका लेखी दिलीस? सीसीमध्ये सगळे असताना?"

"मग? शंका होती म्हणून दिली. बैठकीत चर्चा करतील."

"अगं, इथे बैठकीत काही होत नाही. बैठकीच्या आधी सगळ्यांशी एकेकट्याने बोलून ठरवतात. मीटिंगला फक्त शिक्का मारायला जमतात. माझ्या पहिल्या वर्षी मी रिलीजबद्दल असंच एक लिहिलं होतं, आय हॅव अ स्मॉल डाउट म्हणून. रिलीजच कॅन्सल झालं. आणि कुणी मला एक शब्द बोललं नाही."

आमच्याकडे शंका ही चर्चेची सुरुवात असते. चार लोक ओरडतात, टेबल आपटतात, चहा येतो, मग काय ते ठरतं. इथे लेखी शंका म्हणजे दारच बंद. कारण शंका राहिलेली गोष्ट पुढे नेली तर ती लिहिणाऱ्याचाही अपमान आणि वाचणाऱ्याचाही. सहा वर्षं या देशात राहून, त्यांचं लाकूड, खिळे, पट्ट्या सगळं मोजून, मला एवढं ठाऊक नव्हतं.

बुधवारी मी समितीच्या पाचही सभासदांकडे गेले. सकाळी सातला कसाईहून निघाले ते पाटी, टेप आणि आकड्यांचा कागद घेऊन. पाचहीजण भेटले, पाचहीजणांनी ऐकून घेतलं, चौघांनी चहा दिला. सगळे म्हणाले, फारच रोचक आहे. तिसऱ्या वेळेला मला कळलं की रोचक म्हणजे नाही. ओगाता-सेन्सेई शेवटी मला म्हणाले की, यादी सोमवारीच वर गेली, पुढची पुढच्या वर्षी होईल, तेव्हा हे जरूर मांडू. मी म्हटलं, पुढच्या वर्षी घर कुठे असेल? त्यांनी आकड्यांचा कागद नीट घडी करून मला परत दिला. मला त्यांचा इतका राग आला की मी धड नमस्कारही न करता बाहेर पडले. पण जिना उतरेपर्यंत राग कुणावर करायचा ते कळलं होतं.

बैल गेला नि झोपा केला. पुतण्याला फोन केला, तो नम्रपणे म्हणाला, लेखी काही असेल तर पाठवा.

मार्चमध्ये घर उतरवायला घेतलं. मी परवानगी काढून दोन दिवस तिथे उभी राहिले. दुसऱ्या दिवशी उतरवणाऱ्यांचा मुख्य माणूस मला हाक मारत आला. मोठ्या खोलीवरची तुळई त्यांनी खांबातून सोडवली होती. खाचेत बसणारं तिचं टोक सव्वाशे वर्षं अंधारात होतं, त्यामुळे लाकूड कालच तासल्यासारखं पिवळंधमक. त्यावर कुंचल्याने, काळ्या शाईत, जपानी आकड्यांत तेरा लिहिलं होतं. त्याच्या शेजारी पेन्सिलीने, तिरक्या परदेशी अक्षरात, पुन्हा तेरा आणि वर फुटाची छोटीशी तिरकी रेघ.

तो तेराचा आकडा मला ओळखीचा होता. ओसरीतल्या चित्राखाली सहीजवळ तारीख लिहिलेली होती, त्यातला तीन असाच खाली वळून आत गेलेला होता. म्हणजे ती इथे उभी होती. नकाशा देऊन घरी बसली नव्हती. सुताराला आपला आकडा कळला की नाही याची तिलाही शंका असणार, म्हणून तिने स्वतः पेन्सिल काढून लाकडावर लिहिलं, आणि सेइकिचींनी कळलं म्हणून सांगायला शेजारी आपलं लिहिलं. एवढा पक्का पुरावा माझ्या धंद्यात कधी हाती लागत नाही. आणि तो घर मोडल्याशिवाय कुणालाही दिसणार नव्हता.

मी त्या माणसाला विनंती करून टोकाचा वीतभर तुकडा कापून घेतला.

कुवाबारा-सान आता नोबोरितोजवळच्या एका वृद्धाश्रमात आहेत. खोली सहा तातामींची, अगदी नीट बसलेली. इथे एकही पट्टी उरत नाही, हे त्यांनी मला गेल्या गेल्या सांगितलं, आणि ते कौतुकाने सांगितलं नाही. पाटी खिडकीशी फळीवर होती. मी लाकडाचा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, आधी शाई वाचली, मग पेन्सिल. मग पाटी खाली घेऊन तुकड्याशेजारी ठेवली, दोन्ही सरळ केली.

"आता खात्री झाली का तुमची?" त्यांनी विचारलं.

टोमणा मारायला नव्हतं विचारलं. माझं काम अडून राहिलंय, ते पुरं झालं का, असंच त्यांना विचारायचं होतं.

"झाली," मी म्हटलं.

मग त्यांनी उशाखालून वही काढली आणि घड्याळाकडे बघून मी किती वाजता आले ते लिहून ठेवलं.